चौथा कोण धरणार

बिनगिअरचा ट्रक चालवणारं माणूस आमच्या घरात अजून जन्मायचंय, असं आक्काने जाहीर केलं तेव्हा घरात तीन माणसं होती आणि तिघांपैकी एकालाही ट्रक चालवता येत नव्हता. त्या तिघांत आक्काही आली. पण हा तपशील तिला फारसा महत्त्वाचा वाटला नाही. ती सव्वीस वर्षं मालकांच्या शेजारी ट्रकमध्ये बसली होती, आणि तिच्या मते ट्रकमध्ये चालवणं हे दुय्यम काम होतं.

मालक म्हणजे तिचा नवरा. दोन वर्षांपूर्वी ते गेले. मागे एक मुलगा, एक सून आणि चार गिअरचा एक निळा ट्रक ठेवून गेले. या तिघांत ट्रकचा स्वभाव सगळ्यात चांगला, असं आक्का म्हणायची, आणि तिघांच्या तोंडावर म्हणायची.

मुलगा घड्याळं दुरुस्त करायचा. गाडीत बसला की पहिल्या वळणाला त्याला ओकारी यायची, म्हणून तो कायम पायी फिरायचा आणि कुठेही बरोबर वेळेवर पोचायचा. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं दुकान होतं. दुकानाच्या खिडकीसमोर निळा ट्रक ताडपत्री पांघरून उभा होता. त्यामुळे दुकानात भरदुपारीही दिवा लावावा लागायचा.

"आई, दोन वर्षं झाली. मला काटे दिसत नाहीत," मुलगा म्हणाला. "काल एका गिऱ्हाइकाच्या घड्याळात मी तास काटा दोनदा बसवला."

"मग त्याला दुप्पट वेळ मिळेल. त्याची काय तक्रार आहे?"

"शनिवारी भंगारवाला येतोय. मी सांगून ठेवलंय त्याला."

आक्का गप्प बसली. ती गप्प बसली की घरातली घड्याळंसुद्धा हळू टिकटिकायची. शेवटी सूनबाई मध्ये पडली.

सूनबाई लॉन्ड्रीची छोटी गाडी चालवायची. हातात दम होता, रस्ता माहीत होता, आणि सासूचं बोलणं ती खिडकीबाहेरच्या हॉर्नसारखं ऐकायची, म्हणजे ऐकायची पण गाडी थांबवायची नाही. तिने हिशोब मांडला. गादी कारखान्याला माल पोचवायला ट्रक हवाय. ट्रक आपल्याकडे आहे. नाहीये तो फक्त मोठ्या गाडीचा परवाना.

"मी परवाना काढते," ती म्हणाली. "गुरुवारी परीक्षा आहे. परवाना मिळाला तर ट्रक सोमवारी कामाला लागेल आणि दिवसभर खिडकी मोकळी. नाही मिळाला तर शनिवारी भंगारवाला."

मुलगा कबूल झाला. आक्काही झाली. मग हल्ली ही परीक्षा बिनगिअरच्या ट्रकवरही देता येते असं सूनबाई म्हणाली, तेव्हा आक्काने वर सांगितलेलं ते वाक्य जाहीर केलं, आणि तिथून सगळं बिघडायला सुरुवात झाली.

कारण सूनबाईचे ड्रायव्हिंग शाळेचे मास्तर घरी आले ते बिनगिअरचं कौतुक करतच.

मास्तर सभ्य गृहस्थ होते. त्यांनी चष्मा पुसला आणि समजावून सांगितलं. "आक्का, आता नव्या ट्रकना गिअरचा दांडा नसतोच. गाडी आपली आपण गिअर बदलते. नव्या माणसाने त्यावरच शिकावं. डोळे रस्त्यावर राहतात, चढावर गाडी बंद पडत नाही. मी ताईंना त्याच ट्रकवर परीक्षेला बसवतो. डोळे मिटून पास होतील."

"डोळे मिटून पास होणारे ट्रक चालवणार, आणि रस्त्यावर आम्ही चालायचं?"

"बोलायची पद्धत आहे हो ती."

"बिनगिअरचा ट्रक म्हणजे बिनदांड्याची छत्री," आक्का म्हणाली. "उघडेल, सावलीही पडेल. धरायचं कुठे?"

"पण धरायचंच कशाला?"

आक्काने मास्तरांकडे असं पाहिलं, की त्यांनी चष्मा पुन्हा काढला.

"बरं, मला एक सांगा," ती म्हणाली. "बिनगिअरवर पास झाली तर आमचा निळा चालवता येईल का तिला?"

मास्तर कसेबसे म्हणाले, "तेवढं नाही. परवान्यावर तसा शिक्का पडतो. मग गिअरची गाडी चालवता येत नाही."

"म्हणजे परवाना येणार आणि ट्रक भंगारात जाणार. काय हुशारी आहे. चहा घ्या आणि निघा."

त्यांनी चहा घेतला. निघताना त्यांनी परीक्षेच्या अर्जात 'गिअरची गाडी' या चौकोनात खूण केली आणि सूनबाईकडे हॉस्पिटलात भेटायला आल्यासारखं बघितलं.

सूनबाईला आता निळ्या ट्रकवरच शिकवणं भाग होतं. शिकाऊ माणसाबरोबर परवानावाला हवा, म्हणून गॅरेजचा मिस्त्री यायचा. तो मालकांच्या वेळेपासूनचा. मालक गेल्यावरही तो दर रविवारी येऊन ट्रक दहा मिनिटं सुरू करून ठेवायचा. बोलायचा कमी, खोकायचा जास्त. तो खिडकीकडे, मधे आक्का आणि चाकावर सूनबाई, अशी तिघं रोज भल्या सकाळी, दुकान उघडायच्या आधी, गोदामांच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर जायची.

आक्का दुसरीपर्यंत शाळेत गेली होती. पण शिकवायला बसली की कॉलेजच्या प्राध्यापकाने वही काढावी, असं शिकवायची.

"इंजिन काय म्हणतंय ते ऐक. आता कुरकुरतंय, म्हणजे दुसरा मागतंय. आता ओरडतंय, तिसरा दे. अगं, क्लच आहे तो, झुरळ नाही. एवढ्या जोरात काय चिरडतेस?"

सूनबाई शिकली, आणि पटापट शिकली. पहिला, दुसरा, तिसरा असे लोण्यात सुरी गेल्यासारखे पडू लागले. चौथ्या दिवशी रस्ता सरळ होता, गाडी पळत होती, आणि आक्का पुढे सरसावून बसली. तिने उजव्या हाताची बाही वर सारली.

"आता चौथा. तू टाकायचा, मी धरायचा."

"धरायचा म्हणजे?"

"म्हणजे धरायचा. मी 'घे' म्हटलं की तू हात काढायचास आणि माझा हात तिथे आलेला असेल. मध्ये फट पडता कामा नये."

सूनबाईने चौथा टाकला. आक्काने 'घे' म्हटलं. सूनबाईचा हात निघाला, आक्काचा पंजा दांड्यावर बसला. दांडा तिच्या तळव्यात थरथरत मागे ढकलत होता, दावं तोडू पाहणाऱ्या वासरासारखा. आक्काने त्याला ताठ बसून दाबून धरलं, समोर बघत, राणीने राजदंड धरावा तसं.

"सोडला तर काय होतं, आई?"

"सुटतो. इंजिन बोंबलतं, गाडी मोकळी धावते. माणसं मरतील. ट्रक ही दोघांची गाडी आहे, सूनबाई. एकाने चालवायची, एकाने चौथा धरायचा. मालक मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते, कुठल्याही ट्रकचा चौथा धरावाच लागतो. उगाच का प्रत्येक ट्रकमध्ये चालकाशेजारी एक माणूस बसलेलं असतं?"

"पण एकटे चालक दिसतात की कधीकधी."

"ते तिसऱ्यावर चाललेले असतात बिचारे."

तिने तळवा उघडून दाखवला. अंगठ्याच्या मुळाशी जुन्या रुपयाएवढा घट्टा होता. "हा बघ. लोक पाटलीने हात सजवतात. माझा हा दागिना."

खिडकीकडे मिस्त्रीला खोकल्याची मोठी उबळ आली. त्याने मान बाहेर काढली ती गोदामं संपेपर्यंत आत घेतली नाही.

गुरुवारी आक्का परीक्षेला निघाली. परीक्षा सुनेची होती, पण चौथा धरायला कुणीतरी हवं ना. तिने नवं लुगडं नेसलं आणि उजव्या तळव्याला तेल लावलं.

परीक्षा केंद्राच्या आवारात दोन ट्रक उभे होते. एक चकचकीत, बिनगिअरचा, त्याच्यासमोर दहा जणांची रांग. दुसरा जरा जुना, गिअरचा. त्याच्यासमोर फक्त सूनबाई. आक्काने रांगेकडे पाहिलं. रांगेत पहिला एक टक्कल पडलेला शिंपी होता, वयाच्या पन्नाशीत धंदा बदलायला निघालेला.

"तुमचा चौथा कोण धरणार?" आक्काने त्याला विचारलं.

"आमच्यात चौथा नसतो, आजी. D लावायचं आणि जायचं."

"चौथ्याशिवाय? आणि पोचता?"

"अजून कुठे गेलोच नाही," शिंपी प्रामाणिकपणे म्हणाला.

तेवढ्यात परीक्षक साहेब आले. हातात पाटी, पाटीला कागद, तोंडावर एकही भाव नाही. सूनबाई चालकाच्या जागेवर चढली. दुसऱ्या बाजूने आक्का चढू लागली.

"बाई, तुम्ही कुठे?"

"चौथ्याला."

साहेबांनी कागद पाहिला. कागदात चौथ्याला कुणी नव्हतं. "परीक्षेत फक्त उमेदवार आणि परीक्षक. उतरा."

"आणि चौथा कोण धरणार?"

साहेबांनी या प्रश्नाचा विचार केला. त्यांच्या नोकरीत त्यांना खूप प्रश्न विचारले गेले होते, पण हा नवा होता. "आजी, तिकडे बाक आहे," ते म्हणाले.

आक्का उतरली, पण खाली उभी राहून तिने सुनेला खिडकीतून शेवटची सूचना केली. "साहेबाला धरायला लाव. साहेब झाला म्हणून काय, हात आहेत ना त्याला."

ट्रक फाटकाबाहेर गेला. आक्का बाकावर बसली. पहिला, दुसरा, तिसरा, तिने कानाने मोजले. सुरेख. मग ती चौथ्याची वाट बघत बसली. तो आलाच नाही. तिसऱ्यातलं इंजिन ओरडत ओरडत लांब गेलं आणि वळणाआड झालं, तरी ओरडतच होतं.

वीस मिनिटांनी ते ओरडत परत आलं. मागे सात गाड्या आणि एक बस हॉर्न वाजवत होत्या. ट्रक फाटकाशी न वळता सरळ पुढे निघून गेला आणि लांबवर कुठेतरी त्याचं ओरडणं एकदम थांबलं. आक्का उठून उभी राहिली. तिला वाटलं, सुटला. मेली माणसं.

पण पाच मिनिटांनी ट्रक गुणगुणत आत आला. साहेब उतरले. आता त्यांच्या तोंडावर बरेच भाव होते. ते थेट आक्कासमोर येऊन उभे राहिले.

"हिला तुम्ही शिकवलंत?"

"दुसरं कोण शिकवणार?"

"ही बाई वीस मिनिटं तिसऱ्यावर चालली. मी म्हटलं, वरचा गिअर घ्या. म्हणते, साहेब, तुम्ही धरणार असाल तर घेते. मी म्हटलं, मी गाडीला बोट लावलं तर तुम्ही नापास, असा नियम आहे. म्हणते, मग राहू दे. मी सांगितलं, या गाडीला सहा गिअर आहेत. तर म्हणते, एवढी माणसं बसणार कुठे?"

"बरोबर आहे तिचं," आक्का म्हणाली.

"शेवटी मी म्हटलं, चौथा टाका, नाहीतर परीक्षा संपली. तिने टाकला आणि धरून बसली. एका हाताने चाक. मी म्हटलं, हात सोडा. म्हणते, सुटेल. मी म्हटलं, सोडा. तिने सोडला आणि पुढे एक किलोमीटर दूध उतू जायची वाट बघावी तशी तिरक्या डोळ्याने त्या दांड्याकडे बघत होती."

"मग सुटला का?" आक्काने विचारलं.

"का सुटेल?"

"चौथा आहे म्हणून."

 साहेबांनी पाटीवर काहीतरी लिहिलं, सही केली आणि कागद सूनबाईच्या हातात दिला. सूनबाईने तो वाचला. पास. खाली शेऱ्यात लिहिलं होतं : 'गिअर बदलण्यात उत्तम. गिअर धरून बसण्याची सवय. कारण कौटुंबिक.'

घरी परतताना रिक्षात सूनबाई हळूच म्हणाली, "आई, खरंच नाही सुटला हो. पाचवा नाही, सहावाही नाही. आपापले बसून होते."

"सरकारी गाडी आहे. धाकात राहते," आक्का म्हणाली. पण तळव्याचं तेल तिने लुगड्याला पुसलं, आणि नवं लुगडं होतं हे तिच्या ध्यानात आलं नाही.

घरी न जाता तिने रिक्षा गॅरेजवर नेली. मिस्त्री एका गाडीखाली झोपून काम करत होता. त्याचे फक्त पाय दिसत होते.

"मिस्त्री, सगळ्या ट्रकचा चौथा धरावा लागतो की आमच्याच?"

पाय हलायचे थांबले.

"बाहेर ये."

"आक्का, मी इथेच बरा आहे."

"मग तिथूनच बोल."

गाडीखालून खोकल्याचा आवाज आला, पण या वेळी त्याने काही भागेना. "तुमच्याच," मिस्त्री म्हणाला. "आत एवढीशी स्प्रिंग असते. बोटाच्या पेराएवढी. ती गेलीय. नवी टाकली की दांडा जागचा हलत नाही. अर्ध्या तासाचं काम."

"कधी गेली?"

"तुमच्या लग्नाच्या आधी."

सूनबाई जवळच्या टायरवर बसली. आक्का उभीच राहिली.

"मालकांना माहीत होतं?"

"मीच सांगितलं होतं. तेव्हा ते स्वतःच गुडघ्याने धरायचे. मग तुमचं लग्न झालं. मी म्हटलं, मालक, आता टाकू का स्प्रिंग? ते म्हणाले, थांब. महिन्याने पुन्हा विचारलं. म्हणाले, अरे, ही घरात बसली की दिवसभर आईशी भांडते. गाडीत बसली की माझ्याशी बोलते. स्प्रिंग टाकलीस तर कशाला येईल ती? पुढच्या वर्षी बघू." गाडीखाली पाना खणकला. "मी दर वर्षी विचारायचो. ते दर वर्षी पुढच्या वर्षी म्हणायचे. मला शपथ घातली होती हो, आक्का."

आक्काने तळवा उघडला. घट्ट्याकडे बघितलं. मग मिटला.

"सव्वीस वर्षं," ती म्हणाली. "तापात धरला. पोटुशी होते तेव्हा धरला. एकदा तर हाताला मधमाशी चावली, तरी नाही सोडला. आणि हा माणूस शेजारी बसून गाणी म्हणत होता."

"आवाज चांगला होता त्यांचा," मिस्त्री गाडीखालून म्हणाला.

"तू गप रे. उद्याच्या उद्या टाक ती स्प्रिंग. कुणाच्या खोट्यावर बसून फिरायची मला हौस नाही."

शुक्रवारी स्प्रिंग पडली. शनिवारी भंगारवाला आला, त्याला मुलाने परवाना दाखवला, आणि आक्काने फाटक दाखवलं. आक्का दोन दिवस जेवढ्यास तेवढं बोलली. मालकांच्या फोटोकडे तिने पाठ केली नाही, पण जाताना-येताना त्याच्याकडे दुकानात चोरून माल उचलणाऱ्याकडे बघावं तसं बघायची. फोटोतले मालक हसत होते. आधीही हसतच असायचे, पण कशाला ते आता कळलं.

सोमवारी सकाळी निळ्या ट्रकवरची ताडपत्री कायमची निघाली. मुलाच्या दुकानात दोन वर्षांनी ऊन आलं आणि त्याला पहिल्यांदा दिसलं की टेबलावर किती स्क्रू हरवले होते. सूनबाई चाकावर बसली. आज गाद्यांची पहिली खेप होती. आक्का पदर खोचून फाटकाशी उभी होती, हातात झाडू. ती एरवी झाडू हातात धरायची नाही.

"मला खूप कामं आहेत," कुणी विचारलं नसताना ती म्हणाली.

ट्रक फाटकाशी आला आणि थांबला. सूनबाईने काच खाली केली.

"अहो आई, एक घोटाळा झालाय. मिस्त्रींनी स्प्रिंग टाकली, पण चौथा अजून सुटतोय. काल मी चालवून बघितलं ना. मला एकटीला नाही जमायचं."

आक्काने मिस्त्रीकडे पाहिलं. तो टायरची हवा बघायला आला होता. त्याला खोकला आला.

"एक काम धड करशील तर शपथ," आक्का त्याला म्हणाली. तिने झाडू त्याच्याच हातात दिला, पायरीवर पाय ठेवला आणि वर चढली.

गावाबाहेर रस्ता सरळ झाला. इंजिन ओरडलं. सूनबाईने चौथा टाकला.

"घे," आक्का म्हणाली आणि पंजा दांड्यावर ठेवला.

दांडा गप्प होता. थरथर नाही, ढकलणं नाही. पोट भरून झोपलेल्या वासरासारखा तो तळव्याखाली पडून होता.

"घट्ट धरा हं, आई. सुटेल," सूनबाई रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली.

मालकांचं खोटं पकडायला आक्काला अठ्ठावीस वर्षं लागली होती. सुनेचं पहिल्याच सरळ रस्त्यावर कळलं. पण तोवर गाडी चौथ्यात होती, आणि चालत्या ट्रकमधून मध्येच उतरायला ती काही वेडी नव्हती.

"तू पुढे बघ," आक्का ताठ बसत म्हणाली. "चौथा मी धरलाय."